आंब्याखालचा नाग आणि बहिणाबाईंचा नवस

श्रावण शुद्ध पंचमी उजाडली की आपल्या घरांतील चुलीची रीत त्या एका दिवसापुरती पालटते. तवा चढत नाही, विळी मांडली जात नाही, तळण नाही, चिरणे नाही. पुरणाची दिंडे वाफेवर उकडतात; पाटावर किंवा भिंतीवर गंधाने नागाची आकृती उमटते; लाह्या, दूर्वा, आघाडा आणि दुधाची वाटी तिच्यापुढे येते. शेतात नांगर-कुळव बाजूला ठेवलेला असतो, कुदळीला विसावा असतो. जमिनीच्या पोटात जो कोणी जीव राहतो त्याला आज आपल्या हातून इजा होऊ नये, एवढाच या साऱ्या पथ्यामागील भाव.

नागपंचमीची कहाणी आपल्या माताभगिनींना पाठ आहे. शेतकऱ्याच्या नांगराखाली वारुळातील पिले मेली, नागीण कोपली, तिने त्याचे घरदार दंश करून संपविले आणि परगावी दिलेल्या त्याच्या लेकीला शोधीत ती निघाली. ती लेक तर पाटावर चंदनाचे नागनागीण काढून पूजा करीत बसलेली! नागिणीचा राग तेथेच ओसरला. ही कहाणी ऐकताना शहरातील माणसाला ती पुराणकाळची वाटते. पण श्रावणात बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात आणि नेमक्या त्याच दिवसांत बायका निंदणी-खुरपणीसाठी वाकून रानात असतात. शेतकऱ्याच्या घरी ही कहाणी पुराणातली राहत नाही.

अशाच एका शेतकरी घरात, शके १८०२ च्या, म्हणजे इसवी सन १८८० च्या नागपंचमीला एक मुलगी जन्मली असे सांगतात. तिचे नाव बहिणा. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना कवयित्री बहिणाबाई चौधरी म्हणून ओळखू लागला त्या याच. (सतराव्या शतकातील संत बहिणाबाई, तुकोबारायांच्या शिष्या, त्या वेगळ्या. नामसाम्यामुळे अजूनही पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून हा खुलासा.) बहिणाबाईंच्या काव्याविषयी विद्वानांनी विपुल लिहिले आहे. आज सणाच्या दिवशी त्यांच्या एकाच गाण्याची आणि त्या गाण्यातील नवसाची आठवण करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

जळगावजवळचे आसोदे हे त्यांचे माहेर. खानदेशाच्या पूर्व भागात तापीच्या खोऱ्यात लेवा पाटील समाजाची वस्ती आहे. काळ्या कसदार जमिनीत राबणारा हा समाज संख्येने फार मोठा नाही. पण त्याची बोली, त्याच्या चालीरीती आणि त्याचे खाणेपिणे यांचा वेगळा ठसा आहे. त्या लेवा गणबोलीत मराठीतला ‘ळ’ बहुधा ‘य’ होऊन येतो. पोळ्याचा ‘पोया’ होतो, डोळ्याचा ‘डोया’. बहिणाबाईंचे वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी असे भरले घर. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि आसोद्याची लेक थोड्याच अंतरावरच्या जळगावी नांदायला आली.

अंतर थोडे, पण सासुरवाशिणीचे माहेर मैलांवर मोजता येत नाही. खानदेशात लेकी माहेरी येण्याचा मोठा सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि लेकी पुन्हा काही दिवस मुली होतात. श्रावण लागला की नागपंचमी, आणि तिच्या पाठोपाठच्या रविवारी कानबाईचे रोट. आखाजी, गुढीपाडवा आणि पोळा या सणांवर बहिणाबाईंची गाणी आहेत, आणि त्या गाण्यांत सण म्हणजे घर, गोठा आणि शेत यांचे एकमेकांशी असलेले नाते, असेच दिसते. माहेराविषयी तर त्यांचे एक गाणे फार प्रसिद्ध आहे. वाटेने जाणारा एक योगी माहेराची थोरवी गाणाऱ्या सासुरवाशिणीला छेडतो: एवढे जर माहेराचे वेड, तर सासरी आलीस कशाला? यावर ती बाई देते ते उत्तर ऐकून योगी निरुत्तर होतो. आज जे तिचे सासर आहे तेच उद्या तिच्या लेकीचे माहेर व्हायचे आहे, हे त्या उत्तराचे सार. चार बुके शिकलेल्या योग्याला जे उमगले नाही ते चुलीजवळच्या बाईने सांगावे, यात बहिणाबाईंना थोडी मौजही वाटत असावी.

आता ते नागाचे गाणे. बहिणाबाईंना तीन अपत्ये: ओंकार, सोपान आणि काशी. सोपानचा जन्म १९०७ सालचा. नाव संतांच्या घरातले, ज्ञानेश्वर माउलींच्या धाकट्या भावाचे. आणि त्या भावंडांतील मुक्ताईचे स्थान याच जळगाव जिल्ह्यात तापीकाठी आहे, तेथून दर आषाढीला तिची पालखी पंढरीस निघते. तेव्हा या मुलखात सोपान हे नाव कुणाला नवखे नाही. गाण्यात हा सोपान तान्हा आहे. आई त्याला हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत निजवते, हारा डोक्यावर घेते आणि मळ्याची वाट धरते. घरी सांभाळायला कोणी नसेल, किंवा अंगावर पिणारे मूल ठेवून जाणे शक्य नसेल. शेतकरणीला याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, म्हणून गाण्यातही ते नाही. मळ्यात आंब्याच्या सावलीत हारा उतरवून ती उसाला पाणी देण्याच्या कामी लागते. उसाचे पाते धारदार. हातापायांवर ओरखडे उठतात. काम करणाऱ्या बाईची नजर एकीकडे पाण्याच्या बाऱ्यावर आणि कान आंब्याखाली, अशी ती स्थिती.

आणि आरोळी येते. आंब्याखाली नाग आला, धावा!

ती धावत सुटते. पोचून पाहते तो हारा लवंडलेला आहे, मूल बाहेर आले आहे, समोर नाग फणा उभारून डोलतो आहे आणि मूल त्याच्याशी खेळते आहे! हातात विळा असेल, काठी असेल, शेजारी माणसे असतील. पण गाण्यातली आई त्यांपैकी कशालाही हात घालीत नाही. जरासे चुकले तर मूलच जायचे. ती हात जोडते. नागोबाला विनवते, त्याला शंकराची शपथ घालते. मग ती बाळकृष्णाचा धावा करते की, तुझी बासरी आता वाजव, माझे गाऱ्हाणे त्याच्या कानी घाल. तेवढ्यात नाल्याच्या बाजूने कोणा गुराख्याचा पावा खरोखरच वाजू लागतो आणि नाग हळूहळू त्या सुरांच्या दिशेने निघून जातो.

आई बाळाला उचलते, भीती उतरावी म्हणून त्याच्या दोन्ही कानांत फुंकर घालते, त्याचे मुके घेते. आणि मग तिच्या मनात जे येते ते विलक्षण आहे. नाग चावला नाही, एवढ्यावर ती थांबत नाही. तो देव आपल्या बाळाशी स्वतः बाळ होऊन खेळला, असे तिला वाटते. ज्याच्या भीतीने क्षणापूर्वी काळीज चरकले त्याच्याविषयी मनात आता कडवटपणाचा लवलेश नाही. पुन्हा कधी भेट होईल तेव्हा होईल. पण येणाऱ्या नागपंचमीला दूध आणीन, असा शब्द ती त्याला देते आणि गाणे संपते.

कहाणीतील नागीण सूड घेत निघालेली आहे आणि पूजेने शांत होते. या गाण्यात सूडही नाही आणि शांत करणेही नाही. नाग आपल्या वाटेने आला आणि आपल्या वाटेने गेला. दोघांचेही रान एकच. कदाचित म्हणूनच हा नवस मागणीचा नाही. मागणे आधीच पुरे झालेले आहे. दुधाची वाटी ही केवळ शेजाऱ्याच्या उपकाराची जाणीव.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. सापाचा स्वाभाविक आहार दूध नव्हे आणि त्याला बाह्य कान नसतात, हे सर्पशास्त्राचे अभ्यासक आपणांस वारंवार सांगत आले आहेत. गारुड्याच्या टोपलीतील उपाशी-तहानलेल्या नागाच्या तोंडाशी वाटी धरणे हे त्या जिवाचे हाल करणे आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही ते उल्लंघन आहे. बहिणाबाईंच्या गाण्यातील नाग कोणी पकडलेला नव्हता. तो आंब्याखाली आपणहून आला होता. भिंतीवर गंधाने काढलेल्या नागापुढे ठेवलेली वाटी ही त्या नवसाच्या अधिक जवळची आहे, असे आम्हांस वाटते.

सोपान तीनेक वर्षांचा होतो न होतो तोच नथुजींचे निधन झाले. बहिणाबाई तेव्हा तिशीच्या होत्या. पदरी तीन मुले. त्यांपैकी ओंकारला प्लेगने कायमचे अपंगत्व आणलेले. त्या काळातील रूढी काय होत्या हे वयोवृद्ध वाचकांस सांगायला नको. कुंकू गेले, बांगड्या गेल्या आणि हळदीकुंकवाच्या रांगेतील जागाही गेली. ज्या सणाला आपण जन्मलो त्या सणाच्या पूजेतही मागे उभे राहायचे, अशी त्या वेळची रीत होती. या घडीविषयीचे त्यांचे एक गाणे आहे, आणि ते रडगाणे नाही. ज्योतिषाने हात पाहून भविष्य सांगावे, हे त्यांना नको आहे. आयाबायांनी कीव करावी, हेही नको आहे. बांगड्या फुटल्या तरी मनगट शाबूत आहे, असा त्या गाण्याचा सूर. देवावर रुसवा नाही. पण दैवापुढे लोटांगणही नाही. श्रद्धाळू माणसाने असेही बोलावे, हे काही वाचकांना खटकेल. आम्हांला मात्र ते त्यांच्या श्रद्धेतूनच आल्यासारखे वाटते.

नंतरची चाळीस वर्षे त्यांनी शेत आणि घर यांच्या फेऱ्यांत घालविली. पेरणी, कापणी, मळणी, उफणणी. भल्या पहाटे जात्यावर दळण, मग चूल, मग शेणगोठा. गाणी या कामांतूनच निघत. जात्याच्या पाळीला एक घास घालावा आणि दांडा फिरविताना एक ओळ सुचावी, पुढच्या फेऱ्यात तिची जोडीण यावी. पाळी जड फिरली की ओळ लांबते, पीठ सरसर पडू लागले की ती चपळ होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्या ज्या वाटेने आल्या तीच ही वाट. फरक इतकाच की बहिणाबाईंपाशी पाहण्याची एक न्यारी शक्ती होती. सुगरणीच्या खोप्यात, कापसाच्या बोंडात, पेटता पेटेना अशा चुलीत, जमिनीच्या कुशीत निजलेल्या बियाण्यात त्यांना काहीतरी दिसे आणि ते त्या आपल्या बोलीत बोलून टाकीत.

त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लिहिता-वाचता येत नव्हते. एका गाण्यात त्यांनीच सांगून ठेवले आहे की आपली गुरू आपली माय सरस्वती. त्यात फुशारकी मुळीच नाही. ज्या बाईच्या हाती कधी पाटी आली नाही तिला या बोलण्याचा उगम सांगायला दुसरे नाव तरी कोणते सापडणार? जळगावात छापखाना आला तेव्हा त्यावरही त्यांनी गाणे केले. कोऱ्या कागदाला दाबले की त्यावर शहाणपण उमटते, माणसाला मात्र कितीही दाब बसला तरी ते उमटत नाही, असा त्यातला टोमणा. ते गाणे रचताना आपल्या स्वतःच्या ओळी त्याच शाईच्या वाटेने घरोघर जातील, हे त्यांच्या स्वप्नातही नसावे.

कारण त्यांच्या दृष्टीने ही गाणी ठेवण्याची वस्तूच नव्हती. दळण संपले की गाणे संपले. कोणी विचारलेच तर पुन्हा म्हणतील, नाही तर नवे म्हणतील. ओळी टिकल्या त्या दोघांमुळे: एक मुलगा सोपानदेव, दुसरे त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी. ही मुले कागद-पेन्सिल घेऊन वेळोवेळी ती गाणी टिपून ठेवीत. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आंब्याखाली ज्याच्याशी नाग खेळला तो हा सोपान. आईने देवाकडे ज्याचा जीव मागितला त्यानेच पुढे तिचे बोलणे कागदावर उतरवून ठेवले. नवस फेडण्याचे प्रकार अनेक असतात. बहिणाबाईंनी त्या नागपंचमीला दूध नेले की नाही हे गाणे सांगत नाही. मुलाने मात्र आपल्या परीने आईचे ऋण फेडले.

सोपानदेव स्वतः कवी झाले. ‘काव्यकेतकी’, ‘अनुपमा’ असे त्यांचे संग्रह निघाले. मराठी काव्याच्या जगात त्यांचा वावर होता. तरीही आईची गाणी लोकांपुढे ठेवण्याचा त्यांना संकोच वाटे. तो समजण्यासारखा आहे. सुशिक्षितांच्या बैठकीत घरची बोली काढायची, आणि तीही आपल्याच आईची! ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावी निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी धीर करून ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्र्यांनी ती वाचून ‘बावनकशी सोने’ हा शेरा दिला आणि हे धन लपवून ठेवणे गुन्हा आहे असे बजावले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. १९६१ साली ‘मानिनी’ चित्रपटातून त्यांतील काही गाणी घरोघर पोचली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या नावाच्या पदव्या आता हजारो मुले-मुली घेतात.

हे सारे त्यांच्या पश्चात. जिवंतपणी त्या जळगावातील एक म्हाताऱ्या शेतकरीण बाई होत्या, त्यांच्या समाजातील इतर म्हाताऱ्यांसारख्याच. नातवंडांत रमणाऱ्या, सणाला पुरणाचा अंदाज सांगणाऱ्या, शेताची चौकशी करणाऱ्या. शेजारणींना त्या गाणी करतात हे ठाऊक असणार. पण त्यात विशेष काय? गाणी तर सगळ्याच करीत.

आणि सगळ्याच करीत, हेच खरे आहे. पुढील आवृत्त्यांत काही गाण्यांची भर पडली तरी त्यांचे पुस्तक एका बैठकीत वाचून होते. साठ-पासष्ट वर्षे जी बाई उठता-बसता गात होती तिची एवढीच गाणी? उरलेली त्या पिठाबरोबर, त्या उफणणीच्या वाऱ्याबरोबर गेली. मुलांना शाळा होती, पुढे नोकऱ्या होत्या. जेव्हा कागद हाती होता तेव्हा जे कानी पडले तेवढे राहिले. आसोद्याच्या किंवा जळगावच्या ज्या इतर बायका तितक्याच पहाटे तितकेच दळत होत्या, त्यांच्या जात्याजवळ तर कोणी पेन्सिल घेऊन बसलेच नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या ओव्या आता एक-दोन तुटक शब्दांपलीकडे आठवत नाहीत. तिने कोणत्या सणाला कोणते गाणे म्हटले, हे विचारायचे राहून गेले.

वहीतले मात्र राहिले. आज संध्याकाळी ज्या घरी ते पुस्तक असेल तेथे आंब्याखालच्या नागाचे गाणे कोणी मोठ्याने वाचले, तर घरातल्या लहान मुलांना ते समजावून सांगावे लागणार नाही. बोली अनोळखी वाटली तरी हारा लवंडतो तेथे ती श्वास रोखतात आणि पावा वाजतो तेथे सोडतात.

सोपानदेव १९८२ च्या ऑक्टोबरात गेले. हाऱ्यातून लवंडून नागाशी खेळलेले ते मूल तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते.